शहरातल्या विद्यापीठात शिकायला जाताय? आधी हे प्रश्न विचारा

मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचं माहितीपत्रक उघडलं की हिरवळीवर बसून हसणारी चार मुलं दिसतात, ग्रंथालयाचा घुमट दिसतो आणि खाली ‘चैतन्यमय कॅम्पस जीवन’ असं काहीतरी छापलेलं असतं. ती मुलं संध्याकाळी सहानंतर कुठे जातात, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. अभ्यासक्रम, फी, रँकिंग ही माहिती घरबसल्या मिळते. रोजचा दिवस कसा जाईल, याची माहिती खणून काढावी लागते. ती कशी काढायची, ते क्रमाने सांगतो.

१. कॅम्पस नेमका कुठे आहे, ते शोधा

कॅम्पस म्हटलं की एक फाटक, आत झाडं, वर्ग आणि पलीकडे होस्टेल असं चित्र डोळ्यांपुढे येतं. शहरात ते दर वेळी जुळत नाही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मुख्य भागाला कुंपणच नाही. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कभोवतीच्या रस्त्यांवर तिच्या इमारती विखुरलेल्या आहेत, त्यांवरचे जांभळे झेंडे पाहून त्या ओळखायच्या आणि मधला पार्क शहराच्या मालकीचा. मुंबई विद्यापीठ १८५७चं. राजाबाई टॉवरचा फोर्ट परिसर दक्षिण मुंबईत, तर बरेचसे विभाग उपनगरात कलिन्याला. शिवाय पदवीची बहुतेक मुलं या दोन्ही ठिकाणी न जाता संलग्न कॉलेजांतच शिकतात. यात नवं काही नाही म्हणा. १०८८ हे ज्याचं स्थापनावर्ष मानलं जातं, त्या इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठाला पहिली काही शतकं स्वतःची एकत्र इमारत नव्हती. सगळे वर्ग एका छताखाली आणणारी वास्तू तिथे उभी राहिली ती सोळाव्या शतकात.

म्हणून विद्यापीठाचा पत्ता पाहून थांबू नका. तुमच्या विभागाचा पत्ता काढा. मागच्या वर्षीचं वेळापत्रक मिळालं तर त्यात खोलीक्रमांकासोबत इमारतीचं नावही असतं. त्या इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालय, होस्टेल, आरोग्य केंद्र आणि खेळाचं मैदान नकाशावर टाका. मैदानाने बऱ्याच जणांची फसगत होते. भर शहरात जागा नसते, मग ते शहराच्या कडेला निघतं आणि सरावासाठी अर्धी संध्याकाळ प्रवासात जाते.

तुम्ही संलग्न किंवा घटक कॉलेजात जाणार असाल तर एक जादा प्रश्न आहे. विद्यापीठाच्या कोणत्या सोयी तुम्हाला खुल्या असतील? मध्यवर्ती ग्रंथालय, होस्टेल, व्यायामशाळा, समुपदेशक, प्रत्येकाचं वेगवेगळं विचारा. ‘विद्यापीठात ही सोय आहे’ आणि ‘ही सोय तुम्हाला मिळेल’ यांत पुष्कळ अंतर असतं.

२. एक साधा मंगळवार कागदावर मांडा

ही पायरी गाळू नका. माझ्या मते सगळ्यांत जास्त उलगडा हिच्यातूनच होतो.

सकाळी घरातून किंवा खोलीतून निघण्यापासून रात्री परत येईपर्यंतचा एक दिवस तासागणिक लिहा. सुट्टीचा किंवा सोहळ्याचा दिवस नको, आठवड्याच्या मधला साधा दिवस घ्या. ‘किती किलोमीटर?’ हा प्रश्न सोडून द्या. दाराला कुलूप लावल्यापासून बाकावर बसेपर्यंत किती मिनिटं लागतात, ते काढा. नकाशाच्या ॲपमध्ये रविवारी दुपारी रस्ता शोधला तर ते लाडावलेलं उत्तर देतं. कामाचा दिवस निवडा, ‘पोहोचण्याची वेळ’ म्हणून पहिल्या लेक्चरची वेळ टाका आणि जे उत्तर येईल त्यात दहा-पंधरा मिनिटं मिळवा. भरलेली गाडी सोडून द्यावी लागणं, लिफ्टसमोरची रांग, कार्ड दाखवून आत शिरणं, हे ॲप धरत नाही.

समजा एका बाजूला सव्वा तास लागतो. दिवसाचे अडीच तास, पाच दिवसांचे साडेबारा, पंधरा आठवड्यांच्या सत्राचे जवळपास १८७. युरोपातल्या विद्यापीठांत एका क्रेडिटमागे, म्हणजे अभ्यास मोजायच्या एककामागे, २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे एका सत्रात तुम्ही सहा-सात क्रेडिटचा, जवळजवळ एका अख्ख्या विषयाचा वेळ नुसत्या प्रवासात घालवणार. हे परवडतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. गाडीत बसायला मिळत असेल तर वाचन होतं, उभं राहावं लागत असेल तर फार तर काहीतरी ऐकता येतं.

आता दिवसाच्या मधल्या भोकाकडे बघा. नऊचं लेक्चर अकराला संपलं, प्रॅक्टिकल तीनला आहे. होस्टेलवाला खोलीवर जाऊन आडवा होतो. लांबून येणारा कुठे जाणार? खरं कॅम्पस जीवन म्हणतात ते या चार तासांत असतं किंवा नसतं. म्हणून विचारा: काहीही विकत न घेता बसता येईल अशी जागा आहे का? तिथे प्लग आहेत का? लॉकर मिळतो का, की हिवाळ्याचं जाकीट, लॅपटॉप आणि प्रयोगशाळेचा कोट दिवसभर पाठीवर वागवायचा? डबा गरम करायची सोय? नमाजासाठी, ध्यानासाठी किंवा नुसतं शांत बसण्यासाठी खोली? परीक्षेच्या आधी ग्रंथालयात किती वाजेपर्यंत जागा मिळते? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण रोज यायला जीवावर येतं की नाही, हे यांवरच ठरतं.

शेवटी परतीची वेळ लिहा. प्रॅक्टिकल रात्री आठला सुटणार असेल आणि तुमच्या भागातली शेवटची बस साडेआठची असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

३. राहायचं कुठे?

होस्टेल आहे का, असं विचारलं की ‘आहे’ असंच उत्तर येतं. प्रश्न बारीक करा. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना खोलीची हमी आहे, की अर्जांच्या क्रमाने मिळते? दुसऱ्या वर्षी काय? बऱ्याच शहरी विद्यापीठांत हमी फक्त पहिल्या वर्षापुरती असते आणि पुढे प्रत्येकाला शहरातच खोली शोधावी लागते. करार किती महिन्यांचा? सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, आणि लागत असेल तर सामान कुठे ठेवायचं? स्वयंपाकघर किती जणांत एक? पाहुणा थांबू शकतो का? रात्री दार किती वाजता बंद होतं आणि उशीर झाला तर काय? मुलांसाठी आणि मुलींसाठी नियम एकच आहेत का, हे आडून न विचारता थेट विचारा. उत्तराच्या सुरावरूनही बरंच कळतं.

विद्यापीठाचं होस्टेल आणि विद्यापीठाच्या आसपासचं खासगी होस्टेल यांची गल्लत करू नका. खासगीवाले जाहिरातीत विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरांत टाकतात. तक्रार करायची वेळ आली की तिथे वॉर्डन नसतो, फक्त मॅनेजर असतो.

भाड्याची खोली बघायची असेल तर सोपा नियम आहे. डोळ्यांनी किंवा व्हिडिओ कॉलवर खोली पाहिल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. आधीच शूट केलेला व्हिडिओ चालणार नाही. कॉल चालू असताना समोरच्याला नळ सोडायला सांगा, खिडकी उघडून बाहेर कॅमेरा धरायला सांगा, मग इमारतीच्या दारापर्यंत चालत जायला सांगा. खोली खरी असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअर करतो’ असं ऐकू आलं की फोन ठेवून द्या.

करारात दोन जागा नीट वाचा. चौघांनी मिळून एकच करार केला असेल तर एकजण सोडून गेल्यावर त्याचं भाडं उरलेल्या तिघांच्या गळ्यात पडू शकतं. आणि डिपॉझिट कोणाकडे राहणार? इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात घरमालकाने ते ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवायचं असतं. सगळीकडे असा कायदा नसतो. जर्मनीत वेगळीच गंमत आहे: घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. ‘राहा, पण पत्र देणार नाही’ म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी पुढे डोकेदुखी होते. जाणार त्या शहरातला नियम आधी वाचून ठेवा.

घरून ये-जा करणं हाही पर्याय आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. वर्गापर्यंत पाऊण तासाच्या आत पोहोचता येत असेल तर मी तोच सुचवेन. सव्वा तासाच्या वर जात असेल तर निदान पहिलं वर्ष जवळ राहायची खटपट करावी. का, ते मैत्रीच्या पायरीत येईल.

४. कोणाला विचारायचं आणि कसं?

प्रवेश विभाग नियम सांगेल. तारखा, कागदपत्रं, होस्टेलचे निकष यांसाठी तेच योग्य. पण ‘इथे कसं वाटतं?’ हे त्यांना विचारून उपयोग नाही. त्यासाठी तुमच्याच विभागातला, दुसऱ्या वर्षाचा, शक्यतो तुमच्यासारख्याच परिस्थितीतला विद्यार्थी गाठा. तुम्ही लांबून येणार असाल तर लांबून येणारा, नोकरी करत शिकणार असाल तर तसाच कोणी, व्हीलचेअर वापरत असाल तर ती वापरणारा. शेवटच्या वर्षाची मुलं पहिलं सत्र विसरलेली असतात, आणि पहिल्या वर्षाच्यांना अजून काही कळलेलं नसतं.

विद्यापीठाने नेमलेले विद्यार्थी दूतही असतात. त्यांना बऱ्याचदा या कामाचे पैसे मिळतात, म्हणून ते खोटं बोलतात असं नाही, पण मोघम प्रश्नाला ते मोघम गोड उत्तर देतात. तो दोष प्रश्नाचा.

‘दादा, तुमच्याकडे वातावरण कसं आहे?’
‘मस्त आहे, एकदम.’

संपलं. आता हेच वेगळ्या तऱ्हेने:

‘दादा, गेल्या मंगळवारी दुपारी दोन ते पाच तुम्ही कुठे होता?’
‘मंगळवारी... दोनचं लेक्चर रद्द झालं. ग्रंथालयात जागा नव्हती. मग जिन्यात बसलो आम्ही तिघं, असाइनमेंट केली.’

या एका उत्तरातून किती हाती लागलं बघा. लेक्चर रद्द झाल्याचं आधी कळत नाही, ग्रंथालय अपुरं पडतं, बसायला जिना आहे आणि सोबत बसणारे दोघं आहेत. शेवटची गोष्ट चांगली आहे. ठरावीक दिवसाबद्दल विचारलं की माणूस मत देत नाही, आठवण सांगतो, आणि आठवणीत तपशील असतात. ‘शनिवारी कॅम्पसवर शेवटचे कधी गेला होता?’, ‘तुमच्या वर्गातल्या किती जणांच्या घरी तुम्ही गेला आहात?’, ‘इथे आल्यावर कशाचा सगळ्यांत जास्त वैताग आला?’ हेही विचारून पाहा.

कार्यालयाला ईमेल करायचा असेल तर एका ईमेलमध्ये तीनच प्रश्न घाला, आणि तेही ‘हो’, ‘नाही’ किंवा आकड्यात उत्तर देता येईल असे. दहा प्रश्नांच्या ईमेलला वेबसाइटच्या लिंकचं उत्तर येतं.

शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष जा, पण ‘ओपन डे’ला, म्हणजे विद्यापीठ पाहुण्यांसाठी खुलं ठेवतं त्या दिवशी नको, किंवा नुसत्या ओपन डेला नको. त्या दिवशी सगळं घासूनपुसून ठेवलेलं असतं. सत्र चालू असताना कामाच्या दिवशी दुपारी एकला ग्रंथालयात शिरा आणि संध्याकाळी साडेसहाला पुन्हा त्याच आवारात या. सूचना फलक वाचा. पुढच्या आठवड्याच्या नाटकाच्या तालमीची हाताने लिहिलेली चिठ्ठी, सायकल विकणे आहे, ट्रेकसाठी दोन जागा शिल्लक, असं काही दिसलं तर संध्याकाळी इथे माणसं असतात. फलकावर नुसती फी भरण्याची परिपत्रकं असतील तर तोही एक निकालच.

५. सुरक्षिततेचे प्रश्न

इथे आईवडिलांची काळजी एका टोकाला आणि मुलांची बेफिकिरी दुसऱ्या टोकाला असते. ‘शहर सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. तुमचा रस्ता, तुमची वेळ आणि तुमची इमारत यांना आहे. ग्रंथालय रात्रभर उघडं असेल तर मुलं परत कशी जातात? विद्यापीठाची रात्रीची बस आहे का, सोबत चालत यायला सुरक्षारक्षक मिळतो का? इमारतीत कार्डाशिवाय शिरता येतं का? खोली नक्की करण्याआधी बसथांबा ते दार हा रस्ता रात्री नऊ वाजता एकदा चालून बघा, किंवा तिथल्या कोणाला तो रस्ता व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा.

अमेरिकेत १९९०च्या क्लेरी कायद्यानुसार विद्यापीठांना दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल जाहीर करावा लागतो आणि त्यात मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे असतात. अहवाल जरूर वाचा, पण आकडा मोठा म्हणजे जागा वाईट असं लगेच ठरवू नका. त्यात फक्त नोंदवलेले गुन्हे असतात. जिथे मुलामुलींना तक्रार करायचा धीर येतो तिथे आकडा वाढतो. आणि विद्यापीठाच्या हद्दीपासून चार गल्ल्या पलीकडे, जिथे तुमची खोली असेल, तिथलं त्यात धरलेलं नसतं.

भारतात रॅगिंगविरोधी नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २००९मध्ये आणले. त्यानुसार विद्यार्थी आणि पालक दोघांनाही हमीपत्र द्यावं लागतं, आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असते. ती आहे का, एवढंच विचारू नका. तिचे सदस्य कोण आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायचं कसं, ते विचारा. हे सांगता आलं नाही तर समिती कागदावरच आहे असं समजा.

६. पैशाचं थोडक्यात

फी आणि भाडं सगळे धरतात. राहून जातात ते डिपॉझिट, प्रवासाचा पास, प्रिंटिंग, प्रयोगशाळेचं साहित्य, क्लबांची वर्गणी, सहली, आणि मधल्या चार तासांत बाहेर बसावं लागलं की होणारा खर्च. विद्यार्थ्यांना प्रवासात सवलत आहे का, ते आधी बघा. जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच सार्वजनिक वाहतुकीचं तिकीट येतं. नोकरी करून भागवू, या भरवशावर बजेट आखू नका. परदेशात विद्यार्थी व्हिसावर कामाच्या तासांना मर्यादा असते: अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. ही मर्यादा बदलत राहते, निघण्याआधी सरकारी पानावर पुन्हा पाहा.

७. मैत्री आपोआप होत नाही

शहरात काय कमी असतं? नाटक, संग्रहालय, सामने, मोर्चे, सगळं असतं. आणि त्यामुळेच संध्याकाळ झाली की सगळे पांगतात. एकटेपणाची तक्रार निवासी विद्यापीठांतही ऐकू येते, पण शहरात तो गर्दीत लपतो.

१९५०मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री झाली ते पाहिलं. स्वभाव, आवडीनिवडी यांपेक्षा दारं किती जवळ आहेत, याचा प्रभाव मोठा निघाला. शेजारच्या घराशी मैत्री जास्त, टोकाच्या घराशी कमी, आणि जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये तास मोजले: नुसत्या ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, जवळच्या मैत्रीत व्हायला २००हून जास्त.

आता दुसऱ्या पायरीतला कागद पुन्हा काढा. वर्ग सुटला की थेट गाडी पकडणाऱ्याला हे तास मिळणार कुठून? लेक्चरमधले तास यात फारसे धरता येत नाहीत, तिथे सगळे फळ्याकडे बघत असतात. म्हणून लांबून येणाऱ्याने ते मुद्दाम विकत घ्यावे लागतात. दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, त्याच माणसांबरोबर काहीतरी करायचं: गायनमंडळ, वादविवाद मंडळ, नाटकाचं बॅकस्टेज, रोबोटिक्स, ग्रंथालयातली अर्धवेळ नोकरी, काहीही. सुरुवातीच्या मेळाव्यात आठ क्लबांना नाव देऊन एकातही न जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी सहा आठवडे न चुकता जाणं बरं. बॅकस्टेजचं काम मी आवर्जून सुचवतो. बुजऱ्या मुलांना ते बरं पडतं, कारण बोलायला विषय लागत नाही. खिळे लागतात.

क्लबांची यादी वेबसाइटवर शंभरांची असते. त्यातले किती जिवंत आहेत आणि ते किती वाजता भेटतात, हे विचारा. सगळ्या बैठका रात्री आठला असतील तर त्या होस्टेलवाल्यांसाठीच आहेत. दुपारी भेटणारा एखादा गट आहे का, किंवा लांबून येणाऱ्यांची स्वतःची संघटना आहे का, तेही बघा.

८. पहिल्या पंधरा दिवसांत

ओळखपत्र पहिल्याच दिवशी करून घ्या, ते नसेल तर ग्रंथालय, इंटरनेट, सवलतीचा पास सगळं अडतं. समुपदेशन केंद्रात गरज नसतानाही एकदा डोकावून या आणि भेटीसाठी साधारण किती दिवस थांबावं लागतं ते विचारा. ज्या दिवशी खरंच गरज पडेल, त्या दिवशी पत्ता शोधायचं त्राण नसतं. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक किंवा रॅम्पची सोय लागणार असेल तर कागदपत्रं याच दिवसांत द्या. परीक्षा तोंडावर आल्यावर दिलेला अर्ज बहुतेक ठिकाणी अडकतो.

वेळापत्रक हातात आलं की ते दोन आठवडे तरी बदलत राहणार असं धरा, महिन्याचा पास घाईने काढू नका. वर्गातल्या दोघांचे नंबर घ्या, एक तुमच्या मार्गावरून येणारा आणि एक कॅम्पसजवळ राहणारा. पहिला गाड्या बंद पडल्यावर लागतो, दुसरा लेक्चर रद्द झाल्याचं तुम्ही घरातून निघण्याआधी कळवतो.